बोलणारी मशीन करायचीय, लाइटवर (म्हणजे प्रकाशाने आवाज काढणारी) की इलेक्ट्रॉनिक?

आमचा भाचा ऐरोलीला डिप्लोमाच्या लास्ट इयरला आहे, त्याच्या ग्रुपच्या प्रोजेक्टचं घोडं इथेच अडलंय. तुमचंही अडलं असेल तर वाचा.

लाइटवाल्याचं मूळ म्हणजे अमेरिकेतल्या हॅस्किन्स लॅबोरेटरीजचं पॅटर्न प्लेबॅक, फ्रँकलिन कूपर यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी केलेलं. फिरत्या चकतीवर ५० ट्रॅक, पहिला ट्रॅक प्रकाश १२० हर्ट्झने लुकलुकवतो, बाकीचे त्याच्या पटीत, शेवटचा ६००० ला. तो प्रकाश पट्टीवर पांढऱ्या रंगाने काढलेल्या आकारांवर पडतो, तिथून उडून फोटोट्यूबवर (प्रकाशाची वीज करणारी नळी) जातो आणि तो सिग्नल पुढे स्पीकरवर. म्हणजे ब्रशने वाक्य रंगवायचं आणि ऐकायचं, एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) उठून बघायला येणारच! पण सूर कायम एकच, मोटर जरा मंदावली की आवाज खाली आलाच, आणि आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे हॉलमधल्या दिव्यांची १०० हर्ट्झची घूं फोटोडायोडमधे (फोटोट्यूबऐवजी आपण लावू तो प्रकाशाचा सेन्सर) घुसते, काळ्या पुठ्ठ्याचा डबा करावाच लागतो.

इलेक्ट्रॉनिकमधे दोन रस्ते. एक व्होडर नावाच्या बोलणाऱ्या मशीनसारखा, जो व्होडर बेल लॅब्सच्या होमर डडली यांनी केला आणि १९३९ च्या न्यूयॉर्क वर्ल्ड्स फेअरमधे दाखवला गेला. १२० हर्ट्झचा बझ घ्या, साधारण ७०० आणि ११०० हर्ट्झच्या फिल्टरमधून (तेवढेच सूर पुढे सोडणारं सर्किट) काढा, 'आ' येतो, तेच ३०० आणि २३०० वर नेले की 'ई'. पॉट (फिल्टर बदलायचं बटण) फिरवताना 'आ'चा 'ई' होताना ऐकू येतो ना, तिथेच व्हायवा (तोंडी परीक्षा) अर्धा झाला. ऑपअँप (फिल्टरसाठी लागणारी चिप) वगैरे मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळून जातं, खर्चही फार नाही. व्यंजनं मात्र रडवतात.

दुसरा रस्ता एसपी०२५६-एएल२, म्हणजे कोड दिला की उच्चार काढणारी चिप. प्रॉडक्शन कधीच बंद, त्यामुळे मिळेल तो माल जुनाच. ६४ कोड, त्यातले ५ नुसते पॉज, बाकी सगळे इंग्रजी उच्चार, ण-ळ नाहीतच, त्यामुळे 'ठाणे' म्हणायला लावलं तर 'टहाने' असलं काहीतरी येणार. मराठी वाक्यंच हवी असतील तर रास्पबेरी पायवर (छोटा कॉम्प्युटर) ईस्पीक एनजी हे लिहिलेलं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर टाका, मराठी बोलतं, पण मग हार्डवेअर प्रोजेक्ट कसलं ते.

माझं मत फिल्टरवाल्याला. तरी लाइटचीच हौस असेल तर मोटर आधी आणा, चकती नंतर प्रिंट करा, कारण १८०० आरपीएमला १२० हर्ट्झसाठी चकतीच्या पहिल्या ट्रॅकवर ४ काळ्या पट्ट्या लागतात, स्पीड वेगळा निघाला तर सगळं गणित परत.