‘बसलं बघा, साहेब!’ : क्लचच्या नावाखाली झालेली फसवणूक

माझी २००४ ची सुमो धूर टाकायला लागली म्हणून गावातल्या एका गॅरेजात इंजिनकामाला दिली. मिस्तरी म्हणाला, “इंजिन उतरतंयच, तर क्लचही घालून घ्या. परत कोण उतरवत बसणार?” सल्ला बरोबरच होता, क्लच इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधेच बसतो. क्लच सेट आणि पायलट बेअरिंगचे (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक इंजिनाकडं ज्यात फिरतं ते छोटं बेअरिंग) मिळून ९,२०० रुपये आगाऊ दिले.

इंजिन बसवताना मी तिथंच उभा होतो. गिअरबॉक्स गाडीत, इंजिन चेनकप्पीला. इंजिन आणि बेल हाउसिंगमध्ये (गिअरबॉक्सचं क्लच झाकणारं घंटेसारखं तोंड) बोटभर फट राहिली, ती काही केल्या मिटेना. पोरानं दोन बोल्ट लावले, पान्यावर पाइप चढवला आणि आवळत सुटला. ‘कट्ट’ असा आवाज झाला, फट गेली. “बसलं बघा, साहेब!” चहा मीच सांगितला, हे विशेष.

दुसऱ्या दिवसापासून रिव्हर्स टाकताना करकर. “नवा क्लच आहे, होईल सेट.” आठवड्यानं कुंभार्ली घाटात इंजिन ओरडतंय आणि गाडी हलायचं नाव घेत नाही.

चिपळूणच्या मिस्तरीनं गिअरबॉक्स खाली घेतला. क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटला बाहेरून चंदेरी रंग, आतल्या बाजूला तापून पडलेले निळे डाग, म्हणजे जुनीच रंगवलेली. पायलट बेअरिंग जुनंच. बोटानं फिरवलं तर वाळू भरल्यासारखं खरखरलं. क्लच प्लेटचा हब, म्हणजे शाफ्टवर बसणारा मधला दातेरी भाग, वाकलेला. बेल हाउसिंगचा एक कान तुटला होता, तो एम-सीलनं चिकटवलेला!

तो म्हणाला, आधी डमी शाफ्ट (गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या मापाचा दांडा) घालून क्लच प्लेट मधोमध धरायची, मग प्रेशर प्लेट आवळायची. गाडी गिअरमध्ये ठेवून इंजिनच्या पुढच्या क्रँक पुलीला पाना लावून थोडं थोडं फिरवायचं. हबचे आणि शाफ्टचे दाते जुळले की इंजिन हातानं सरकून डॉवेलवर (जागा धरणाऱ्या खुंट्यांवर) बसतं. फट राहिली तर मागं घेऊन पुन्हा बघायचं. बोल्ट धरून ठेवायला असतात, ओढायला नाहीत.

पार्ट घेऊन पहिल्याकडं गेलो. “तुम्हीच ओव्हरलोड केली असेल.” माझे जुने पार्ट कुठायत? “भंगारवाल्यानं नेले.” पावती कच्ची, त्यावर फक्त ‘क्लच काम’. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण नवे पार्ट घातलेच नाहीत हे त्या चिठोऱ्यावरून दाखवणार कसं? म्हणून सांगतो, पार्टचं खोकं आपल्यासमोर फोडायला लावा, पार्ट नंबरासकट पक्कं बिल घ्या आणि जुना माल त्याच दिवशी डिकीत टाका.

चिपळूणवाल्यानं मी न मागताच पोत्यात बांधून दिला.