ड्रोनच्या ॲक्सेसरीज: काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

माझ्याकडे डीजेआय कंपनीचा मिनी २ ड्रोन आहे. त्याचं वजन २४९ ग्रॅमच्या आत मुद्दाम राखलेलं आहे, कारण बऱ्याच देशांच्या नियमांत २५० ग्रॅमखालच्या ड्रोनला बरीच सूट मिळते. त्यामुळे कुठलीही ॲक्सेसरी समोर आली की मी आधी एवढंच बघते, ही ड्रोनवर चढणार की पिशवीत राहणार? पिशवीतल्या वस्तूंवर मी सढळ हाताने खर्च करते. ड्रोनवर चढणाऱ्या वस्तूला मात्र भरपूर प्रश्न विचारते. तिथे एक-दोन ग्रॅमसुद्धा जड असतात.

सगळ्यात आधी घ्या त्या जादा बॅटऱ्या. कंपनी ३१ मिनिटांचं उड्डाण सांगते, पण ते वारा नसताना आणि एका ठरावीक वेगाने. परतीसाठी चार्ज राखून ठेवला की हातात साधारण वीस-बावीस मिनिटं उरतात. पहिली बॅटरी जागा आणि उजेड समजून घेण्यात जाते, चांगलं चित्रण दुसरीवर होतं. म्हणून तीन हव्यातच, आणि त्या मूळ कंपनीच्याच. प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट बॅटरीतच असतं आणि किती चार्ज उरलाय हा आकडा तिथूनच येतो. त्या आकड्यावर विश्वास नसेल तर ड्रोन लांब नेऊच नये. तीन बॅटऱ्यांचा चार्जिंग हबही सोबत घ्या. हा हब तिन्ही बॅटऱ्या एकदम चार्ज करत नाही. जिच्यात सगळ्यात जास्त चार्ज शिल्लक असेल ती आधी भरतो, मग पुढची. ही पद्धत मला फार आवडते, कारण घाईच्या वेळी निदान एक बॅटरी लवकर तयार होते. शिवाय याच हबवरून फोनही चार्ज करता येतो.

बॅटऱ्या घेतल्या की त्या सांभाळायलाही शिकावं लागतं. लिथियम पॉलिमर सेल पूर्ण भरून आठवडेच्या आठवडे ठेवला तर तो लवकर थकतो. बरेच दिवस उडवायचं नसेल तर निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून थंड, कोरड्या जागी ठेवा. बॅटरी फुगलेली दिसली किंवा खाचेत नेहमीसारखी सरकली नाही, तर ती तिथेच बाद करायची. विमानप्रवासात जादा बॅटऱ्या केबिनमधल्या बॅगेतच लागतात. मर्यादा साधारणपणे १०० वॉट-अवरची असते आणि मिनी २ ची बॅटरी जेमतेम १७.३२ वॉट-अवरची आहे, त्यामुळे काळजी नाही. बॅटऱ्यांची धातूची टोकं झाकलेली असली म्हणजे झालं.

आता एनडी फिल्टर, म्हणजे लेन्ससमोर बसवायची, उजेड कमी करणारी गडद काच. ड्रोनवर चढणारी ही एकच वस्तू मी आनंदाने लावते, पण ती घेण्यापूर्वी थोडं गणित करावंच. मिनी २ च्या लेन्सचं छिद्र एफ/२.८ वर कायम असतं, लहान करता येत नाही. भर उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १०० ठेवला तर शटर, म्हणजे एका फ्रेमसाठी उजेड घेण्याचा वेळ, १/३२०० सेकंदाच्या आसपास जातं. सेकंदाला २५ फ्रेम्सच्या व्हिडिओत हालचाल मऊ दिसायला शटर १/५० च्या जवळपास हवं. १/३२०० वरून १/५० वर यायचं म्हणजे उजेड सहा वेळा निम्मा करायचा, म्हणजे चौसष्टाव्या हिश्शावर आणायचा, म्हणजेच एनडी ६४. ढगाळ दिवशी १६ पुरतो, गडद आभाळात ८. त्यामुळे ज्या संचात फक्त ४, ८ आणि १६ आहेत तो दुपारच्या उन्हात कामाचा नाही. बरेच स्वस्त संच नेमके असेच असतात. डब्यावरचे आकडे वाचूनच पैसे द्या.

तरीही प्रत्येक उड्डाणाला फिल्टर लागतो असं नाही. उंचावरून लांबचं दृश्य घेताना चित्रात फारसं काही सरकतच नाही, तिथे फिल्टर असला-नसला तरी फरक दिसणार नाही. गवताच्या शेंड्यांवरून किंवा पाण्याला लागून ड्रोन नेला की मात्र फरक लगेच डोळ्यांत भरतो. फिल्टर नसेल तर प्रत्येक पातं वेगळं, टोकदार, उड्या मारत गेल्यासारखं दिसतं. फिल्टर लावला की तेच सलग वाहतं. फोटोंसाठी मी तो काढूनच ठेवते. फिल्टर आपल्याच मॉडेलसाठी बनवलेला हवा आणि ड्रोन चालू करण्याआधी बसवायला हवा. चालू केल्यावर गिम्बल (कॅमेरा स्थिर धरणारा भाग) थरथरला तर तो फिल्टर त्याला पेलत नाही. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, घेऊ नका. तो जमिनीवर फिरवून लावायचा, आणि हवेत ड्रोनने दिशा बदलली की त्याचा कोन चुकतो.

पात्यांचा एक जादा संच आणि छोटा स्क्रूड्रायव्हर कायम सोबत असू द्या. उडवण्याआधी पात्याच्या कडेवरून बोटाचं टोक हलकेच फिरवा. डोळ्याला न दिसणारी खाच बोटाला लागते. एका मोटरवरची दोन्ही पाती एकदमच बदलायची, आणि खूण असलेली पाती ड्रोनच्या खूण असलेल्या हातांवरच (मोटर असलेल्या दांड्यांवर) लावायची.

लँडिंग पॅडची मी मनापासून शिफारस करते. धूळ, खडी आणि गवताच्या काड्या मोटर आणि कॅमेऱ्यापासून लांब राहतात. मात्र घडीचा, पातळ पॅड पंख्यांच्या झोताने उचलला जातो आणि थेट पात्यांकडे येतो. कडेला वजन असलेला किंवा खुंट्या ठोकता येणारा घ्या.

मेमरी कार्ड यू३ किंवा व्ही३० (कार्डावर लिहिलेला वेगाचा दर्जा) पुरे. ड्रोन जास्तीत जास्त १०० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट लिहितो, आणि व्ही३० कार्ड ३० ची हमी देतं. त्याहून महाग कार्डाचा या ड्रोनला काही उपयोग नाही. बनावट कार्डं मात्र सर्रास मिळतात, म्हणून नवीन कार्ड आधी संगणकावर पूर्ण भरून आणि परत वाचून तपासा.

प्रोपेलर गार्ड घरात किंवा लहान मुलं आसपास असतील तर जरूर लावा. मोकळ्यावर नको, ते वजन वाढवतात आणि वाऱ्यात ड्रोनला झुंजवतात. पायांना लावायची उंची वाढवणारी टेकणं आणि रिमोटवर लावायचे चमकदार अँटेना-परावर्तक, दोन्ही सोडून द्या. ड्रोन नजरेच्या टप्प्यातच ठेवायचा असतो, आणि तेवढ्या अंतरात सिग्नल मुळात पुरतोच. फोनवरचं सावलीचं झाकणही मी परत केलं. त्यात फोन आणखी तापतो. त्यापेक्षा सूर्याकडे पाठ करून उभं राहिलं की पडदा नीट दिसतो.