स्पीच थेरपी केंद्र: सहा महिन्यांच्या फेऱ्यांनंतरचा अभिप्राय

माझा नातू 26 महिन्यांचा झाला तरी त्याच्या तोंडी जेमतेम सहा-सात शब्द होते. दोन वर्षांच्या सुमारास मुलापाशी साधारण 50 शब्द असावेत आणि ‘दूध दे’, ‘आई ये’ अशी दोन शब्दांची जोडणी सुरू झालेली असावी, हे प्राथमिक शाळेत 32 वर्षे शिकवूनही मला ठाऊक नव्हते. ‘मुलगे उशिराच बोलतात, त्याचा बापूस तिसऱ्या वर्षी बोलला’ हे घरातले पालुपद होते, आणि शेजाऱ्यांनी तर जिभेखालची तार कापून घेण्याचा सल्ला दिला होता. शेवटी सुनेने हट्ट धरला आणि आम्ही वेंगुर्ल्याहून एस.टी.ने जिल्ह्यातील एका खासगी केंद्रात जाऊ लागलो.

पहिल्याच भेटीत तेथील थेरपिस्ट मॅडमनी मुलाला बोलते करण्याचा अजिबात प्रयत्न केला नाही. तो बोट दाखवून वस्तू मागतो का, हाक मारल्यावर पाहतो का, ‘चपला आण’ म्हटल्यावर आणतो का, हे त्या खेळता खेळता पाहत होत्या. समज आणि बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, समज चांगली असून शब्द कमी असणारे मूल वेगळे आणि समजच मागे असणारे किंवा नजरेला नजर न देणारे मूल वेगळे, हे त्यांनी आम्हाला त्याच वेळी समजावले. जिभेच्या तारेबद्दल विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की ती घट्ट असल्यास अंगावर पिताना किंवा काही उच्चार करताना अडचण येऊ शकते, पण शब्दच न येण्याचे कारण ते सहसा नसते.

मात्र कानाची तपासणी झाल्याशिवाय थेरपी सुरू करणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मला ते तेव्हा पैसे काढण्याचे निमित्त वाटले, कारण दार आपटले की नातू दचकत असे. तपासणीत दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साचलेले निघाले. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत हे पुष्कळदा आढळते. दाराचा आवाज पोहोचतो, पण बोलणे पाण्याखालून ऐकल्यासारखे अंधूक येते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तीन महिने वाट पाहण्यास सांगितले, आणि त्या अवधीत शस्त्रक्रियेवाचून पाणी ओसरले.

केंद्राचे खरे काम मुलापेक्षा आम्हा मोठ्यांवर झाले. ‘हे काय? म्हण, म्हण’ हा माझा मास्तरी खाक्या बंद झाला. काही विचारले की मनातल्या मनात दहा आकडे मोजून थांबायचे. केळे की चिकू असे दोन्ही हातांत धरून निवड करू द्यायची. तो ‘माड’ म्हणाला तर आपण ‘उंच माड’ म्हणायचे. आमची मंडळी त्याने मागण्याआधीच वाटी पुढे करीत असे, ते थांबवणे सर्वांत कठीण गेले. मोबाइलही गेला.

सफरचंद आणि जिराफ यांची छापील चित्रे बाजूला ठेवून मॅडमनी सावंतवाडीची लाकडी फळे आणि घरच्या होडीचा, बांगड्याचा, विहिरीचा फोटो मागवला, हे मला विशेष आवडले. नातवाचे इंग्रजी चांगले व्हावे म्हणून सून घरात इंग्रजीत बोलत होती आणि आजी मालवणीत. दोन भाषांमुळे बोलणे लांबत नाही, पण जी भाषा आपल्याला मनापासून येते तीतच मुलाशी बोला, असा त्यांचा आग्रह होता. चौथ्या महिन्यात वेंगुर्ल्याच्या बंदरावर त्याने ‘होडी इली’ म्हटले, ते आजीच्या भाषेत.

आता उणिवा. फी 45 मिनिटांना 500 रुपये आहे. आठवड्यातून दोनदा जाणाऱ्याला ती जड वाटते. अहवाल संपूर्ण इंग्रजीत मिळतो, ज्यातील अर्धे शब्द सुनेलाही लागले नाहीत. दोनदा तर आम्ही पोहोचल्यावर त्या दिवशीची वेळ रद्द झाल्याचे कळले, आणि मुलाला घेऊन स्टँडवर पुढच्या गाडीची दोन तास वाट पाहावी लागली. केंद्र दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही.

भिंतीवर भारतीय पुनर्वास परिषदेचे, म्हणजे अशा थेरपिस्टची नोंदणी करणाऱ्या सरकारी संस्थेचे, नोंदणीपत्र लावलेले आहे. अशा कोणत्याही ठिकाणी जाताना ते आधी पाहावे. खर्च झेपत नसेल त्यांनी अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य पथकाला मूल अवश्य दाखवावे. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बोलण्यातील विलंबाची तपासणी आणि पुढील उपचार मोफत आहेत. पथक आले त्या दिवशी आम्ही लाजेपोटी नातवाला घरीच ठेवले होते.

सध्या तो ‘क’च्या जागी ‘त’ म्हणतो, ‘काका’ना ‘ताता’. या वयात ते चालते, ‘र’ तर आणखी उशिरा येईल, असे मॅडम म्हणतात, त्यामुळे आता पंधरवड्यातून एकदाच जातो. नव्याने जाणाऱ्यांनी सकाळची पहिली वेळ घ्यावी, कानाचा अहवाल सोबत न्यावा आणि निघण्यापूर्वी फोन करावा.