कन्व्हर्जन एमएस्सी: बांधकामाच्या साइटवरून थेट ब्रिटनमध्ये कोडिंग शिकायला गेलेलीचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन तारे. दीड कुठे कापला ते सांगतेच, पण आधी हा कोर्स नक्की काय आहे ते बघा.

ब्रिटनमध्ये कम्प्युटर सायन्सची एमएस्सी दोन प्रकारची मिळते. नावात ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ असेल तर ती बहुतेक वेळा कम्प्युटरच्याच पदवीधरांसाठी. दुसरी कन्व्हर्जन, म्हणजे मुद्दाम आपल्यासारख्या दुसऱ्या विषयातून आलेल्यांसाठी. ब्रिस्टल, बर्मिंगहॅम, यूसीएल (युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन) इथे ती आहे, इम्पीरियल कॉलेजची ‘एमएस्सी कम्प्युटिंग’ त्याच जातीची. माझं विद्यापीठ यातलं नाही. नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी चिडचिड आहे.

मी सिव्हिलची. वाकड-हिंजवडीकडे इमारतींच्या साइटवर होते. स्लॅबच्या आदल्या रात्री सळई तपासायची, ठेकेदाराची बिलं काढायची, आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली की सगळ्यांच्या शिव्या खायच्या. आधी जर्मनी बघितली, कारण तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळपास नाहीच. पण तिथले बहुतेक मास्टर्स आधीच्या पदवीला जोडलेले. कम्प्युटरचे ठरावीक क्रेडिट नसतील तर अर्ज बाद. सिव्हिलवाल्यांनी तिथे सिव्हिलच करायचं. मग ब्रिटन.

शिकवणं उत्तम, इथे एकही तारा कापत नाही. १८० क्रेडिट, त्यातले ६० उन्हाळ्यातल्या प्रबंधाचे. वर्गात एक नर्स, एक इतिहासवाला, एक व्हायोलिन शिकवणारी. सगळेच नवखे, त्यामुळे कोणी शायनिंग मारत नाही. लॅबमधली ट्यूटर उत्तर कधीच द्यायची नाही. ‘काय होईल असं वाटलं होतं, आणि काय झालं?’ एवढंच विचारायची. पहिले काही आठवडे तिचा राग यायचा. नंतर तिने विचारायच्या आत मीच स्वतःला विचारायला लागले. वेग मात्र भयंकर आहे. जावा, डेटाबेस, अल्गोरिदम सगळं पहिल्याच सत्रात अंगावर येतं. जायच्या आधी घरी पायथन गिरवून जा, तेही रोज.

आता कापलेले तारे. एक अख्खा नोकरीच्या वेळापत्रकासाठी. मोठ्या कंपन्यांच्या ग्रॅज्युएट स्कीम, म्हणजे नव्या पदवीधरांची भरती, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उघडतात आणि बऱ्याचशा नाताळच्या आत मिटतात. म्हणजे तुम्हाला धड लूप लिहिता येत नसतो तेव्हाच अर्ज करायचे. वर आमच्या करिअर ऑफिसचा सल्ला असा, की साइटची वर्षं सीव्हीत एका ओळीत आटपा, ‘फ्रेश स्टार्ट’ दिसू दे. जाहिरातीतही हेच विकतात: जुनं मागे टाका, नवी सुरुवात करा.

माझ्या मते या कोर्समधली हीच सगळ्यात खोटी गोष्ट आहे. मी प्रबंध घेतला तो सळईवरच. सळई १२ मीटरची येते, त्यातून वेगवेगळ्या मापांचे तुकडे कमीत कमी भंगार पाडून कसे कापायचे? साइटवरचा फिटर लांब तुकडे आधी कापतो, मग उरलेल्यात छोटे बसवतो. या पद्धतीला अल्गोरिदमच्या पुस्तकात नाव आहे, ‘फर्स्ट फिट डिक्रीजिंग’, आणि तिला लागणाऱ्या सळया सर्वोत्तम उत्तराच्या ११/९ पटीच्या फार पुढे जात नाहीत हे सिद्ध झालंय. आमच्या फिटरला हे कोणी शिकवलं नव्हतं. इंटरव्ह्यूत माझ्या जावाबद्दल दोन-चार प्रश्न आले, बाकी सगळा वेळ सळईवरच गेला. आता मी बांधकामाची क्वांटिटी, म्हणजे किती माल लागेल ते, काढणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. माझ्याहून चांगलं कोडिंग करणारे वर्गमित्र अजून अर्जच करतायत. फरक फक्त त्या ‘एका ओळीचा’ आहे.

उरलेला अर्धा तारा व्हिसाच्या छोट्या अक्षरातल्या नियमांसाठी. टर्ममध्ये आठवड्याला २० तासच काम करता येतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण एमएस्सीवाल्यांचा प्रबंधाचा उन्हाळाही टर्ममध्येच धरतात, हे तिथे गेल्यावर कळतं. ‘सुट्टीत फुल टाइम करून भाडं काढू’ हा हिशोब तिथेच कोलमडतो. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पाउंड, आणि कोर्सनंतरचे जादा महिने धरून तो साधारण दीड वर्षाचा एकदम भरावा लागतो. राहण्याखाण्याचे पैसे खात्यात सलग २८ दिवस दिसले पाहिजेत. मध्ये एक दिवसही कमी पडले तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो.

लग्न झालेल्यांनी हेही वाचा: २०२४ च्या जानेवारीपासून अशा कोर्सवर नवरा, बायको, मुलं यांना डिपेंडंट व्हिसा नाही. आणि कोर्सनंतर दोन वर्षं राहता येतं असं एजंट अजून सांगत असतील, तर १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी ती मुदत १८ महिन्यांवर आली आहे. २०२६ च्या सप्टेंबरात जाणारी बॅच त्यातच येते. एजंटला कमिशन विद्यापीठाकडून मिळतं, तेव्हा ही तारीख तो आपणहून सांगेल याची वाट बघू नका.