पटिंगची पकड: रिव्हर्स ओव्हरलॅप ठेवावी की डावा हात खाली घ्यावा?

गोल्फमध्ये चेंडू जमिनीलगत होलकडे लोटण्याचा फटका म्हणजे पट, आणि त्यासाठीची काठी म्हणजे पटर. या पटरवरची पकड बदलावी की आहे तीच सुधारावी, या पेचात असलेल्या, उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. उजवा हात खाली ठेवणाऱ्या रिव्हर्स ओव्हरलॅप पकडीने मी बरीच वर्षे खेळलो आणि गेल्या काही हंगामांपासून डावा हात उजव्याच्या खाली घेऊन खेळतो. त्यामुळे माझे मत अगदी तटस्थ आहे असा दावा करणार नाही.

रिव्हर्स ओव्हरलॅपची बाजू मुळीच लंगडी नाही. जॅक निकलस आणि टायगर वुड्स यांनी मिळून 33 मेजर (म्हणजे गोल्फमधल्या सर्वांत मोठ्या चारांपैकी) स्पर्धा जिंकल्या, त्या प्रामुख्याने याच घराण्यातल्या पकडीने. डावी तर्जनी उजव्या हाताच्या बोटांवर आडवी टाकली की दोन्ही हात एकजीव होतात, आणि 40 फुटांवरून चेंडू किती जोराने सोडायचा याचा अंदाज उजव्या तळव्यातून जसा येतो, तसा दुसऱ्या कोणत्याही पकडीत मला आजवर आलेला नाही.

माझे घोडे अडले ते चार फुटांवर. होलचा व्यास 4.25 इंच, तेवढ्या अंतरावरून चुकायला खरे तर काही कारण नसते. तरीही चेंडूला पटर लागण्याच्या क्षणी माझा उजवा हात घाई करी, डावे मनगट मागे मोडे आणि चेंडू होलची डावी कड चाटून पुढे जाई. शेवटी घड्याळाच्या पट्ट्याखाली एक पेन्सिल खोचून, तिचे टोक पंजाच्या पाठीवर येईल असे ठेवून सराव केला. लांबच्या पटला ती निमूट राही. चारफुटी पटला मात्र दर दोन-तीन फटक्यांमागे पंजात रुते. पकड सैल केली, दांडा बोटांऐवजी तळव्याच्या रेषेत धरला, तेव्हा सरावात फरक पडला. पण सामन्यात, आणि तोही शेवटच्या दोन-तीन होलवर, दुखणे पुन्हा डोके वर काढी.

डावा हात खाली घेतल्यावर खांदे बरेचसे समपातळीत आले आणि उजव्या हाताची ढवळाढवळ थांबली. निदान पेन्सिल तरी रुतेनाशी झाली. जॉर्डन स्पीथने 2015 मध्ये मास्टर्स आणि यूएस ओपन याच पकडीने जिंकल्या, म्हणून ती आपल्यालाही मानवेल असे अर्थातच नाही. पहिले काही आठवडे माझे लांबचे पट लाजिरवाणे आखूड पडत होते. ज्यांचे दुखणे मनगटाचे नसून अंतराच्या अंदाजाचे आहे, त्यांनी या वाटेला न गेलेले बरे.

क्लॉ पकडीचाही विचार केला होता. सर्जिओ गार्सियाने 2017 ची मास्टर्स तिनेच जिंकली. परंतु उजव्या हाताची बोटे दांड्यावर नुसती टेकवून चार फुटांवर उभे राहण्याचा धीर मला झाला नाही, त्यामुळे तिच्याविषयी अधिकाराने काही सांगता येणार नाही.

साधारण 30 फुटांच्या पुढे मी आजही जुनीच पकड घेतो. नियमांची त्याला आड नाही. सोबतचे खेळाडू प्रथम चमकून हातांकडे पाहतात, पण चेंडू होलजवळ थांबला आणि उरलेल्या चार फुटांसाठी मी डावा हात पुन्हा खाली घेतला की सहसा कोणी काही विचारत नाही.