पावतीवर 'मादी' हा शब्द नव्हता

बदकं पाळायचं खूळ डोक्यात शिरलं ते एका व्हिडिओमुळे. खाकी कॅम्पबेल जातीची शंभर मादी पिल्लं, वर्षाला प्रत्येकी तीनशे अंडी, दहा रुपयांनी आम्हीच उचलणार, म्हणजे तीन लाख. हा हिशेब मी रात्री अकरा वाजता पाठीवर पडून केला आणि सकाळी फोन लावला. कुडाळजवळ आमची थोडी भातशेती आहे, विहीर आहे, पावसात कुणगे, म्हणजे भाताचे वाफे, भरलेले असतात. बदकांना आणखी काय लागतं, असं मला वाटलं होतं.

आकडा खोटा नव्हता, हे आधी सांगतो. खाकी कॅम्पबेल नीट सांभाळली तर तीनशेच्या आसपास अंडी देतेच. थाप जातीत नव्हती, दुसरीकडेच होती.

नगाला ९५ रुपये ठरले. देशी पिल्लापेक्षा महाग का, असं विचारलं तर विकणारा म्हणाला, "साहेब, आम्ही मादी निवडून देतो. नर एकही येणार नाही." अर्धे पैसे मोबाईलवरून आगाऊ, उरलेले माल गाडीत चढल्यावर. हमी खरेदीच्या कराराचं विचारलं की "अंडी सुरू होऊ द्या, मग करू" असं उत्तर यायचं. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथच्या हमी खरेदीत लोक कसे बुडाले ते मी पेपरात वाचलेलं होतं. पण ते कोंबड्यांचं, आपलं बदकांचं! माणूस स्वतःची समजूत कशी घालतो बघा.

पहाटे तीनला हायवेवर ट्रॅव्हल्स थांबली. भोकं पाडलेले चार खोके उतरले. बरोबर वहीच्या पानावर हाताने लिहिलेली पावती: 'बदक पिल्ले १०० नग, रोख मिळाले.' घरी खोके उघडले तर सहा मेलेली. उरलेली चौऱ्याण्णव बल्बखाली घोळका करून चिवचिवत बसली.

तिसऱ्या दिवशी त्याला फोन केला, पाण्यात कधी सोडू? "बदकंच ना ती? सोडा आजच." मी परातीत पाणी भरून सोडली. पंधरा मिनिटं घरातले सगळे कौतुकाने बघत होते. संध्याकाळपर्यंत अकरा पिल्लं माना टाकून गार पडली. नंतर पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, की आईबरोबर वाढणाऱ्या पिल्लाच्या लवीला आईच्या अंगचं तेल लागतं. खोक्यातून आलेल्या पिल्लाला ते मिळत नाही, ते भिजतं आणि गारठून मरतं. सुरुवातीला फक्त चोच आणि नाकपुड्या बुडतील एवढं पाणी पिण्यापुरतं ठेवायचं, वर ऊब. पहिल्या आठवड्यात साधारण ३२ अंश, मग हळूहळू कमी. ही चूक माझी. पण त्याला कळवलं तर म्हणतो, "तुम्ही पाण्यात सोडलीत? मग आमची हमी संपली."

दोन मुंगसाने नेली. उरली एक्याऐंशी. ती वाढली झपाट्याने, खाद्याच्या गोण्या तशाच झपाट्याने संपल्या. सातव्या आठवड्यात शेजारच्या काकी पडवीत येऊन बसल्या, म्हणाल्या, "काय रे, तुझी बदकां वराडत कशी नाय?" मी अभिमानाने म्हटलं, शांत जात आहे. काकी उठल्या, खुराड्यापाशी जाऊन जरा वेळ कान देऊन उभ्या राहिल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "अरे झिला, हे सगळे दादले आसत!"

बदकाची मादी खणखणीत ओरडते. नराचा आवाज फुटतो तो घसा बसल्यासारखा, घोगरा. पिल्लपणी दोघांची चिवचिव सारखीच, फरक दीड-दोन महिन्यांनी कळतो. तोपर्यंत तुमचे पैसे खाद्यात गेलेले असतात आणि विकणाऱ्याचा नंबर बंद झालेला असतो. पुढे शेपटीवर वर वळलेलं कुरळं पीस आलं तेव्हा मोजणी पक्की झाली: चौऱ्याहत्तर नर, सात माद्या.

निवड न करता पिल्लं दिली असती तरी निम्म्या माद्या आल्या असत्या. सात येतात याचा अर्थ निवड झाली होती, चांगली काटेकोर झाली होती. जाणकार माणूस एका दिवसाच्या पिल्लाचंही शेपटीखाली हलकेच दाबून लिंग ओळखतो. माद्या त्याने जाणत्या गिऱ्हाइकाला दिल्या असणार, आणि फेकायचे नर मला मादीच्या भावात.

पोलीस ठाण्यात पावती दाखवली. हवालदार भला माणूस, दोनदा वाचून म्हणाला, "यात शंभर नग लिहिलंय, शंभर नग आले." जात नाही, मादी नाही, पत्ता नाही. १९३० वर ऑनलाइन फसवणुकीची तक्रार लगेच केली तर पैसे पुढे जायच्या आत अडवता येतात म्हणे. मी केली ती अडीच महिन्यांनी. आता कोणी घेणार असेल तर उरलेली रक्कम देण्याआधी पाच-दहा पिल्लं डॉक्टरांकडून तपासून घ्या. स्वतः दाबायला जाऊ नका, पिल्लू मरतं. गाडीने मागवूच नका, जाऊन उबवणी केंद्र बघा.

नर आठवड्याच्या बाजारात मटणाच्या गिऱ्हाइकांना विकले, खाद्याचेही पैसे सुटले नाहीत. दोन ठेवले. सात माद्या मात्र अंडी देतात, आणि ओरडतात अशा की काकींना आता झोप लागत नाही.

परवा तोच व्हिडिओ पुन्हा आला, खाली नवा नंबर. मी लिहिलं, "शंभर हवीत. पावतीवर 'मादी' आणि जात लिहून द्याल का?" दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर अजून यायचंय.