पॅसिफिक नॉर्थवेस्ट ट्रेलचा आराखडा: हरकती-सूचनांच्या सेवेचे परीक्षण

लांब पल्ल्याच्या पायवाटेविषयी लिहिताना चढ-उतार, पाण्याच्या जागा आणि मुक्काम यांची चर्चा होते. हे परीक्षण मात्र अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिस या सरकारी वनसंस्थेकडून अशा पायवाटांच्या आराखड्यांवर लोकांच्या हरकती व सूचना मागवण्याची जी सोय चालवली जाते, तिचे आहे. वाटेवर माणसे किती असावीत आणि वन्यप्राण्यांना जागा किती उरावी, हे आराखड्याच्या टप्प्यावरच ठरू लागते, म्हणून ही सोय नागरिकांच्या खरोखर उपयोगी पडते का, हे तपासणे मला गरजेचे वाटते.

उदाहरण पॅसिफिक नॉर्थवेस्ट ट्रेलचे घेतले आहे. माँटानातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातून निघणारी ही पायवाट आयडाहो आणि वॉशिंग्टन राज्यांतून सुमारे 1,200 मैल, म्हणजे साधारण 1,930 किलोमीटर जाऊन केप अलावा येथे पॅसिफिक महासागराला भिडते. व्हिडबी बेटावरून पोर्ट टाउनसेंडला जाताना तर चालणाऱ्याला चक्क फेरीबोट धरावी लागते. अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, 2009 मध्ये या पायवाटेला राष्ट्रीय निसर्गरम्य पायवाटेचा दर्जा दिला. 1968 च्या राष्ट्रीय पायवाट कायद्यानुसार, दर्जा मिळाल्यापासून दोन पूर्ण आर्थिक वर्षांच्या आत सर्वंकष आराखडा तयार व्हायला हवा होता. तो आला 2023 च्या अखेरीस, तेही 2019 मध्ये पर्यावरण संस्थांनी न्यायालयात धाव घेतल्यानंतर. या एका बाबतीत मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही, कारण आराखडा नसतानाही नकाशे छापले जात होते आणि माणसे चालत होती. हरकत घ्यायला समोर कागदच नसेल, तर हरकतीचा हक्क नुसता नावाला उरतो.

प्रत्यक्ष सोय मात्र चांगली आहे. पत्र ऑनलाइन देता येते, टपालानेही पाठवता येते. सोबत नकाशे किंवा अभ्यास जोडता येतात आणि आलेली पत्रे सार्वजनिक वाचनासाठी खुली ठेवण्याची पद्धत आहे. आपले नाव सार्वजनिक नोंदीत जाते, हे लिहिणाऱ्याने आधीच लक्षात घ्यावे. इतरांची पत्रे वाचता येणे ही मला या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण पायवाटेवर प्रेम करणारा आणि पायवाट आपल्या खोऱ्यातून जाऊ नये म्हणणारा, असे दोघेही एकाच जंगलाच्या काळजीने लिहीत असल्याचे तिथे दिसते.

सर्वांत तीव्र हरकती याक खोऱ्याच्या आहेत. पायवाट जाते त्या, माँटानाच्या वायव्य कोपऱ्यातील या भागात ग्रिझली अस्वलांचा अधिवास आहे. अलास्का वगळता सलग अमेरिकेत हे अस्वल 1975 पासून संरक्षित आहे आणि हे खोरे ज्यात येते त्या कॅबिनेट-याक क्षेत्रात त्यांची संख्या काही डझनांच्या पलीकडे गेलेली नाही. इतक्या लहान समूहात पिल्ले वाढवणारी एखादी मादी जरी माणसांच्या वर्दळीमुळे चांगल्या चाऱ्याची जागा सोडून गेली, तरी त्याचा फटका सगळ्या समूहाला बसतो. म्हणून पायवाट दक्षिणेकडून वळवावी, अशी स्थानिकांची जुनी मागणी आहे; लेखक रिक बास यांनी ती वर्षानुवर्षे लावून धरली आहे. 1980 च्या सरकारी अभ्यासानेही ही पायवाट व्यवहार्य किंवा इष्ट नसल्याचा निष्कर्ष काढला होता, त्यामुळे या हरकतीला कोणी आडमुठेपणा म्हणू नये.

सेवेची खरी उणीव इथेच उघडी पडते. राष्ट्रीय पायवाटेचा मार्ग मोठ्या प्रमाणावर बदलायचा असेल, तर कायद्यानुसार काँग्रेसची मंजुरी लागते. व्यवस्थापन आराखडा ते काम करू शकत नाही. म्हणजे ज्या एका मुद्द्यासाठी लोक सर्वाधिक पोटतिडकीने लिहितात, त्याचा निर्णय त्या टेबलावर होतच नाही. हे तांत्रिक परिशिष्टात असून भागत नाही. पत्र लिहायला बसण्याआधी, पहिल्याच पानावर, साध्या शब्दांत सांगितले पाहिजे. तसे न केल्यास माणूस आठवडाभर खपून पत्र लिहितो आणि उत्तरात ‘हा विषय या आराखड्याच्या कक्षेबाहेरचा आहे’ एवढेच वाचतो. यातून उडणारा विश्वास पुढच्या मसुद्याच्या वेळी सहजासहजी परत येत नाही.

पायवाटेसाठी आपली जमीन जाईल, या जमीनमालकांच्या भीतीचे निरसन तुलनेने सोपे आहे, कारण संघराज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील क्षेत्रांच्या हद्दीबाहेरची जमीन मालकाच्या संमतीशिवाय या पायवाटेसाठी घेता येत नाही.

तरीही हरकत नोंदवणे व्यर्थ आहे असे मी म्हणणार नाही. 1968 च्याच कायद्याने आराखड्यात पायवाटेची वहनक्षमता, म्हणजे ती किती माणसांची वर्दळ पेलू शकते हे, निश्चित करणे बंधनकारक केले आहे आणि याक खोऱ्याच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी सारा जोर तिथे लावावा, असे माझे मत आहे. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या दुसऱ्या राष्ट्रीय पायवाटेवर मेक्सिकोच्या सीमेवरून मुख्य हंगामात दिवसाला 50 जणांनाच लांब पल्ल्याचे परवाने मिळतात. म्हणजे संख्येवर बंधन घालणे शक्य आहे आणि ते प्रत्यक्षात चालतेही. शिवाय येथे मतमोजणी होत नाही. एकच मजकूर हजार जणांनी पाठवला, तरी त्यातील मुद्दा एकच धरला जातो. त्यामुळे मसुद्यातील अमुक परिच्छेद, नकाशावरचा अमुक टप्पा, तिथे अस्वलांचा वावर कोणत्या महिन्यांत असतो आणि त्या काळात किती माणसांना सोडावे, असे नेमके लिहिलेले दोन पानी पत्र अधिक उपयोगाचे ठरते. आराखड्याची अंमलबजावणी आणि देखरेख पुढेही चालणार असल्याने अशा पत्रांची गरज संपलेली नाही.